दहाच्या आसपास

अकरा फ्लास्कपैकी दहा फ्लास्क गडद गुलाबी झाले, आणि शशिकला गोंधळेकर यांना त्याचं काही विशेष वाटलं नाही. विशेष वाटण्याचं वय आणि उमेद दोन्ही मागे पडली होती. काचेपलीकडच्या खोलीत अकरा विज्ञान पदवीधर कपाळाला करड्या पट्ट्या बांधून ओळीने उभे होते. प्रत्येकासमोर एक ब्यूरेट, म्हणजे तोटी लावलेली मापखुणांची काचनळी होती आणि एक बाटली होती. बाटलीच्या लेबलवर छापलेलं होतं, ‘आम्ल, शून्य पूर्णांक एक नॉर्मल’.

ते लेबल खोटं होतं. सकाळी सात वाजता शशिकलाबाईंनी स्वतःच्या हाताने ते आम्ल थोडं पातळ करून ठेवलं होतं. लेबलावर विश्वास ठेवला तर ब्यूरेटमधलं दहा मिलिलिटर अल्क त्या आम्लात पडल्यावर फ्लास्कमध्ये गुलाबी छटा यायला हवी. प्रत्यक्षात ती आठ पूर्णांक सातलाच येत होती. छटा आली की थांबायचं आणि आकडा लिहायचा, हा टायट्रेशनचा साधा नियम. शाळकरी मुलालाही कळेल असा.

साल दोन हजार अठ्ठावन्न होतं. हाताने टायट्रेशन आता कोणी करत नव्हतं, ते काम यंत्रं करत. पण माणूस निवडायचा म्हटला की सिन्नरजवळच्या या औषध कंपनीत कपाटातून जुन्या ब्यूरेटी निघत. एकोणीस वर्षं शशिकलाबाई दर निवडीच्या दिवशी हे खोटं लेबल लावत आल्या होत्या, आणि एकोणीस वर्षं बहुतेक मुलं आठ पूर्णांक सातला गुलाबी झालेला फ्लास्क पाहून, एकदा लेबलाकडे पाहून, पुढे थेंब सोडत राहिली होती. फ्लास्क गडद होईपर्यंत, ब्यूरेट दहावर येईपर्यंत.

याला रीडिंग बसवणं म्हणतात. महाराष्ट्रात विज्ञान शिकलेल्या माणसाला ही कला समजावून सांगावी लागत नाही. उत्तर काय यायला हवं ते आधी माहीत करून घ्यायचं, तिथून उलटं गणित करत यायचं आणि निरीक्षणाच्या रकान्यात हवे ते आकडे भरायचे. दशांशात जरा विस्कळीतपणा ठेवायचा म्हणजे खरं वाटतं. नऊ पूर्णांक आठ, दहा, नऊ पूर्णांक नऊ. जर्नल देखणं होतं, बाहेरचे परीक्षक खूश होतात, घरी पेढे येतात. शशिकलाबाईंचं स्वतःचं जर्नलही अगदी तसंच होतं, आणि विद्यापीठात त्या दुसऱ्या आल्या होत्या.

अकरावा फ्लास्क मात्र फिकट होता. डोळे बारीक करून पाहिलं तरच गुलाबी म्हणावा इतका. त्याच्यामागे उभी असलेली मुलगी जिंतूरहून आली होती. तिचं नाव कावेरी घुगे. तिच्या कागदावर तीन आकडे होते, आठ पूर्णांक सात, आठ पूर्णांक सात, आठ पूर्णांक सहा. खाली नीट अक्षरात लिहिलं होतं, ‘लेबल चुकलेलं असावं किंवा माझा हात. दुसऱ्या कुणीतरी तपासून बघावं.’

शशिकलाबाईंनी ते वाक्य दोनदा वाचलं. बऱ्याच वर्षांत त्यांनी कुणा उमेदवाराच्या हातचं इतकं सरळ वाक्य वाचलं नव्हतं, आणि ते वाचून त्यांना आनंदाआधी थकवा आला. आता या मुलीसाठी भांडावं लागणार, हे त्यांना कळलं होतं.

भांडण का, ते समजायला थोडं मागे जावं लागेल. तीसेक वर्षांपूर्वी उद्योगांनी एकच धोशा लावला होता. विज्ञानाच्या पदवीधरांना पाठांतर येतं, विचार येत नाही. समोर चूक असली तरी ती दिसत नाही, प्रश्न विचारत नाहीत. सर्वेक्षणं झाली, परिषदा झाल्या, परिषदांमध्ये जेवणं झाली. मग विद्यापीठांनी ‘चिकित्सक विचार’ नावाचा सक्तीचा पेपर सुरू केला, आणि पहिल्याच वर्षी बाजारात त्याचं गाईड आलं, ‘एकवीस अपेक्षित चिकित्सा, उत्तरांसह’. मुलांनी चिकित्सा पाठ केली. निकाल पंचाण्णव टक्के लागला आणि उद्योगांची तक्रार होती तिथेच राहिली.

तेव्हा मेंदूशास्त्रज्ञ डॉक्टर निरंजन पाठारे यांनी ही पट्टी शोधून काढली. तिच्यामागची कल्पना सोपी आहे. अंधारात जिना उतरताना आणखी एक पायरी असेल असं वाटतं आणि ती नसते, तेव्हा छातीत जो धक्का बसतो, तसाच एक बारीक धक्का मेंदूत दर वेळी बसत असतो. अपेक्षा एक असते, दिसतं दुसरं. कपाळाच्या मागे, दोन्ही अर्धगोलांच्या मधल्या भागात, पाव सेकंदाच्या आत एक विद्युत ठोका उमटतो. माणूस बोलण्याआधी, त्याला स्वतःला कळण्याआधी. पाठाऱ्यांनी त्याला नाव दिलं शंकाठोका, आणि तो किती जोरात पडतो त्याच्या आकड्याला नाव दिलं शंकांक. आता गाईड वाचून काही उपयोग नव्हता. ठोका पाठ करता येत नाही.

पहिली दोन-तीन वर्षं कंपन्यांनी शंकांक पाहून माणसं घेतली. मग हळूहळू निकालाच्या कागदावर आणखी एक आकडा आला, अनुरूपता. उमेदवार कंपनीत कितपत बसेल, त्याचा शंभरपैकी आकडा. जाहिरातीत अजूनही ‘चिकित्सक विचारशक्ती अत्यावश्यक’ असं ठळक अक्षरात छापून येई. निवड मात्र अनुरूपतेवर होई.

मनुष्यबळ विभागाचे लुणावत निकालाचा पडदा घेऊन आले. चाळिशीचे, हसतमुख, कुणाशी वाकडं नसलेले गृहस्थ.

“छान बॅच आहे, मॅडम. सातजण ऐंशीच्या वर. तुमच्या जागेसाठी तो मुळ्ये घेऊन टाकू, एक्क्याण्णव आहे.”

‘तुमची जागा’ म्हणजे शशिकलाबाईंची. चार महिन्यांनी त्या निवृत्त होणार होत्या. कंपनी लहान मुलांना पाजायचे थेंब आणि शिरेतून द्यायचं सलाईन बनवायची. तपासणी यंत्रं करत, पण माल फाटकाबाहेर सोडण्याआधी शेवटची सही माणसाचीच हवी असा कायदा होता. ती सही एकोणीस वर्षं त्यांची होती. आज निवडलेला माणूस त्यांच्या हाताखाली चार महिने शिकणार आणि मग ती सही त्याची होणार.

“घुगेचं काय?” त्यांनी विचारलं.

“शंकांक चौऱ्याण्णव.” लुणावतांनी शीळ घातल्यासारखे ओठ केले. “अनुरूपता एकतीस.”

“अकराजणांत एकटीने बरोबर उत्तर लिहिलंय, लुणावत.”

“लिहिलंय ना. मी कुठे नाही म्हणतो? चिकित्सा आपल्याला हवीच आहे, मॅडम. पण चिकित्सा करणारा माणूस टीममध्ये मुरला पाहिजे. हिचं आधीच दोन ठिकाणी चाळीसच्या खाली आलंय. हे तिसरं.”

तिसरं म्हणजे काय ते शशिकलाबाईंना ठाऊक होतं. कंपन्यांची सामाईक नोंदवही होती. तीन ठिकाणी अनुरूपता चाळीसच्या खाली आली की प्रयोगशाळेच्या यादीतून नाव कायमचं निघायचं. मग औषधविक्री किंवा ग्राहकांचे फोन घेणं. पुन्हा ब्यूरेटीला हात लावायला मिळत नसे.

“मी विशेषाधिकार वापरणार आहे,” त्या म्हणाल्या.

नियम होता तसा. आकडा काहीही असो, विभागप्रमुखाला एक माणूस स्वतःच्या जबाबदारीवर घेता येई. शशिकलाबाईंनी तो कधीच वापरला नव्हता. लुणावत पुन्हा हसले. “वापरा की. तुमचा हक्कच आहे. फक्त कारण लेखी लागेल, आणि लिहिताना तुम्हालाही पट्टी लावावी लागेल. कारण मनापासूनचं आहे की नाही ते कळायला. पाठारे सर आज पट्ट्या तपासायला आलेतच, ते लावून देतील.”

पाठारे बाजूच्या खोलीत पट्ट्या पसरून बसले होते. पासष्टीचे, शर्टाच्या खिशात तीन पेनं, बोलताना समोरच्याकडे न पाहण्याची सवय. शशिकलाबाईंची आणि त्यांची ओळख जुनी होती, दर वर्षी एकदा चहा पिण्याइतकी.

“एक सांगा, डॉक्टर,” शशिकलाबाई खुर्चीत टेकल्या. “मी रसायनवाली, मेंदूतलं मला कळत नाही. ज्या दहाजणांनी रीडिंग बसवलं त्यांना चूक दिसलीच नाही का?”

“दिसली ना.” पाठाऱ्यांनी पडदा त्यांच्याकडे वळवला. “हे बघा. दहाही जणांचा ठोका आहे. हा तुमचा मुळ्ये. आठ पूर्णांक सातला याचा ठोका त्या मुलीपेक्षा फारसा कमी नाही.”

“मग उद्योगवाले तीस वर्षं काय ओरडत होते? मुलांना शंका येत नाही म्हणून?”

“शंका सगळ्यांना येते, बाई. तेच तर मला सापडलं. त्याचं करायचं काय, ते कुणालाच नको होतं.” त्यांनी एका पट्टीवरची धूळ पुसली. “पहिल्या वर्षांत यांनी नव्वदच्या वर शंकांक असलेली मुलं घेतली. दीड वर्षात निम्म्याहून जास्त बाहेर. कुणी साहेबाचा आलेख चुकीचा म्हटलं, कुणी माल अडवला, कुणी बैठकीत ‘हे कशावरून’ विचारलं. मग कंपन्या माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, नुसती शंका मोजू नका. आमचा सगळ्यात चांगला माणूस घ्या, त्याचा मेंदू मोजा, आणि त्याच्यासारखे शोधून द्या.”

“आणि तुम्ही दिलेत.”

“दिले. संशोधनाला जागा तेच देत होते.” पाठाऱ्यांनी हे इतक्या सपाट आवाजात सांगितलं की शशिकलाबाईंना रागही आला नाही. “तो नमुना म्हणजे मूळ आलेख. अनुरूपता त्याच्याशी ताडून काढतात. हा बघा.”

पडद्यावर एक रेघ होती. आधी ती ताडकन उंच गेली होती.

“हा ठोका. अव्वल दर्जाचा. या माणसाच्या नजरेतून काही सुटत नाही. आता पुढे बघा, साधारण एक तृतीयांश सेकंदाने.” उंच गेलेल्या रेघेवर मागून एक रुंद, गुळगुळीत लाट आली होती आणि तिने रेघ खाली दाबून सपाट केली होती. “याला आम्ही आवंढा म्हणतो. शंका आली, ओळखली आणि गिळली. भीतीने नाही हं. भीतीची रेघ खरखरीत असते. हा सवयीचा आवंढा आहे, पाण्यासारखा उतरतो.”

“आणि कंपनीला असा माणूस हवा असतो?”

“विचार करा ना. ज्याला चूक दिसत नाही तो परवडत नाही, एक दिवस सगळं जाळून ठेवील. ज्याला दिसते आणि जो बोलतो तो त्याहून परवडत नाही. ज्याला दिसते आणि जो न बोलता गुपचूप निस्तरतो, तो सोन्यासारखा माणूस. त्याच्यामुळे माल अडत नाही आणि तक्रारही येत नाही. यांना विचार हवा असतो, बाई, फक्त त्याचा आवाज नको असतो.”

शशिकलाबाईंनी विशेषाधिकाराचा फॉर्म पुढे ओढला. पाठाऱ्यांनी त्यांच्या कपाळाला पट्टी बांधली, जरा थंडगार लागली. पडद्यावर नेहमीप्रमाणे तपासणीचे काही प्रश्न आले, चुकलेल्या बेरजा, उलटे चिकटवलेले तक्ते. त्यांनी सवयीने उत्तरं दिली. मग यंत्राने त्यांची अनुरूपता दाखवली.

शंभर.

“हे बिघडलंय,” त्या म्हणाल्या.

पाठारे पट्ट्या आवरू लागले होते. त्यांनी हात थांबवला, पण वर पाहिलं नाही.

“शंभर कुणाला येत नाही ना? तुम्हीच मागे म्हणाला होतात. जुळ्या भावंडांनाही सत्त्याण्णव येतात म्हणून.”

“एकाला येतात,” पाठारे म्हणाले. “ज्याच्यावरून आलेख काढला त्याला.”

दहा वर्षांपूर्वी सगळ्या कर्मचाऱ्यांना पंधरा दिवस पट्ट्या लावून काम करायला सांगितलं होतं. आरोग्य तपासणी म्हणून. शशिकलाबाईंना ते आठवलं, आणि त्या पंधरा दिवसांतला एक दिवसही आठवला. मुलांच्या थेंबांची एक खेप यंत्राने नापास केली होती. फरक थोडाच होता. त्यांनी यंत्र पुन्हा चालवलं. पुन्हा नापास. तिसऱ्यांदा चालवलं तेव्हा आकडा जेमतेम रेषेच्या आत आला, आणि त्यांनी तो आकडा नोंदवून सही केली. पहिले दोन आकडे कुठेही लिहिले नाहीत. कधी द्रावणात थोडी भर घालून, कधी पुन्हा गाळून, कधी यंत्र आणखी एकदा चालवून त्यांनी एकोणीस वर्षं असंच निभावलं होतं. कुणाचीही तक्रार आली नव्हती. तक्रार आली नाही याचा अर्थ काही झालं नाही असा होत नाही, हे त्यांना रसायनशास्त्राची बाई म्हणून चांगलं कळत होतं. ते खेड्यापाड्यांत गेलेले थेंब होते. तिथून कोण कळवणार?

“हा आलेख फक्त इथेच वापरतात?” त्यांनी विचारलं.

“सुरुवातीला. मग तो इतका स्वच्छ निघाला की बाकीच्यांनीही घेतला. आता चाळीसएक कंपन्या आहेत. गेल्या वर्षापासून कॉलेजंही वापरतात. शेवटच्या वर्षाला सराव घेतात मुलांचा.”

“कसला सराव?”

“आवंढ्याचा,” पाठारे म्हणाले. “आधी चूक दाखवायची, मग पडद्यावर रेघ सपाट होईपर्यंत बसवून ठेवायचं. ठोका शिकवता येत नाही, पण हे येतं. मुलं पटकन शिकतात.”

शशिकलाबाईंनी पेन उघडलं. कारणाच्या रकान्यात काय लिहायचं ते त्यांच्या मनात तयार होतं. ‘ही उमेदवार दिसलेली चूक लपवत नाही.’ एवढंच. त्यांनी ‘ही उमेदवार’ असं लिहिलं आणि थांबल्या. हे वाक्य वर जाणार. तिथे कुणीतरी शहाणा विचारणार, मग आतापर्यंत लपवत कोण होतं? एकोणीस वर्षांच्या फायली निघणार. चार महिन्यांनी त्यांचा निरोप समारंभ होता, लेक बंगळुरूहून येणार होती, लुणावतांनी भाषणही लिहून ठेवलं होतं. आणि सही केली नाही तर ती मुलगी यादीतून जाणार. दोन्ही गोष्टी त्यांना सारख्याच स्पष्ट दिसत होत्या. एवढा शीण त्यांना कधीच आला नव्हता, कुणीतरी येऊन आपल्या हातातलं पेन काढून घ्यावं असं वाटणारा शीण.

“जरा पाय मोकळे करून येते,” त्या म्हणाल्या. पट्टी काढून त्यांनी टेबलावर ठेवली.

बाहेर बाकावर कावेरी घुगे डबा खात बसली होती. भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. बाईंना पाहून ती उठू लागली.

“बस गं, खाऊन घे.” शशिकलाबाई शेजारी टेकल्या. “रीडिंग बसवायला शिकवलं नाही का तुला कुणी?”

कावेरी हसली. “आमच्याकडं सगळेच बसवतेत, मॅडम. मीबी पहिल्या वर्षाला बसवलं होतं. गुट्टे सर म्हणून होते, त्यांनी अख्खी बाटली बेसिनात ओतायला लावली. म्हणले, तुला जर आधीच माहीत आहे, तर हे कशाला वाया घालवती? मग लाज वाटली.” तिने घास गिळला. “पप्पा नगरपालिकेच्या पाण्याच्या टाकीवर आहेत. ते म्हणतेत, आकडा वहीत बरोबर असून चालत नाही, पाणी गाव पितंय.”

शशिकलाबाईंनी समोरच्या भिंतीकडे पाहिलं.

“माझं एकतीस आलं, तिकडं ते पोरं सांगत होते,” कावेरी म्हणाली. तिचा आवाज एकदम बारीक झाला. “तिसऱ्यांदा. आता लॅब नाही मिळणार ना मला? मॅडम, माझं उत्तर चुकलं का? बाटलीत आठ पूर्णांक सातचंच होतं की नाही?”

“होतं.”

“मग?”

या ‘मग’ला शशिकलाबाईंकडे खरं उत्तर होतं. आत टेबलावर अर्धवट फॉर्म होता, पुढचे चार शब्द लिहायचे होते. पण दुसरीही एक वाट होती, सोपी, कुणाचंच वाकडं न होणारी. त्याच दिवशी फेरचाचणी मागण्याची सोय नियमात होती, आणि दोन्हींतला वरचा आकडा धरला जाई. मुलीला नोकरी मिळेल, फायली बंद राहतील. एकदा आत येऊ दे, मग शिकवता येईल तिला काय हवं ते. चार महिने आहेत.

प्रात्यक्षिक परीक्षेत बाहेरचे परीक्षक चहाला गेले की कॉलेजच्या बाई टेबलाटेबलांमधून फिरतात. घाबरलेल्या मुलीपाशी थांबतात, तिच्या ब्यूरेटीकडे बघितल्यासारखं करतात आणि ओठ न हलवता एक वाक्य बोलतात. पिढ्यान्पिढ्या असं चालत आलं आहे आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मायाच असते ती. शशिकलाबाईंसाठीही एकदा एक बाई अशा थांबल्या होत्या.

“फेरचाचणी माग,” त्या हळू म्हणाल्या. “आजच मागता येते. आणि हे बघ, दहाच्या आसपास येतं.”

कावेरीने त्यांच्याकडे पाहिलं. कळायला तिला वेळ लागला नाही, हुशार मुलगी होती.

“म्हणजे चूक दिसली तरी दाखवायची नाही?”

“दिसली पाहिजे. दिसणं फार महत्त्वाचं आहे. दाखवायचं नंतर.”

“कधी?”

“नोकरी पक्की झाली की,” शशिकलाबाई म्हणाल्या. बोलल्यावर त्यांना स्वतःचीच शरम वाटली. त्यांची नोकरी पक्की होऊन एकतीस वर्षं झाली होती.

फेरचाचणी तीन वाजता झाली. काचेपलीकडे कावेरी एकटीच उभी होती. अलीकडे लुणावत, पाठारे आणि शशिकलाबाई, मध्ये पडदा. तिचा हात उत्तम होता, थेंबावर पूर्ण ताबा. आठ पूर्णांक सातला फ्लास्कमध्ये ती फिकट छटा आली आणि पडद्यावर ठोका उसळला, सकाळइतकाच उंच. कावेरीने तोटी बंद केली.

ती तशीच उभी राहिली. शशिकलाबाईंच्या मनात आलं की आता काचेवर टकटक करावी, आत जावं, म्हणावं की राहू दे, तुझं सकाळचंच बरोबर होतं, मी सही करते. एवढं करायला दहा पावलं चालावी लागली असती. त्या खुर्चीत बसून राहिल्या. त्यांना वाटलं की ती थांबेल. आपोआप थांबेल, आणि मग आपल्याला सही करावीच लागेल.

कावेरीने तोटी उघडली. थेंब पडू लागले. पडद्यावरच्या ठोक्यामागून एक लाट आली, आधी खरखरीत, तुटक. नऊ. फ्लास्क गडद होत चालला. नऊ पूर्णांक पाचला लाट जरा गुळगुळीत झाली. नऊ पूर्णांक नऊला तिने तोटी बंद केली आणि आकडा लिहिला. दुसऱ्या वेळी ती आठ पूर्णांक सातला थांबलीच नाही, सरळ पुढे गेली. तिसऱ्या वेळी तिने दहा पूर्णांक शून्य आणलं.

“एकोणनव्वद!” लुणावत खुर्चीतून उठले. त्यांना मनापासून आनंद झाला होता. “बघा मॅडम, मी म्हणत नव्हतो? हुशार मुलगी आहे, फक्त बावचळली होती सकाळी. शंकांक चौऱ्याण्णव आणि अनुरूपता एकोणनव्वद, असा उमेदवार मी बघितलाच नाही. मुळ्येला राहू द्या. हीच तुमची जागा घेईल.” त्यांनी टेबलावरचा अर्धवट फॉर्म उचलला, त्यावरचे दोन शब्द वाचायच्या भानगडीत न पडता घडी घातली आणि कचऱ्यात टाकला. “हे आता लागत नाही.”

पाठारे पडद्यावरची रेघ साठवून घेत होते.

कावेरीला आत बोलावलं. पट्टी अजून कपाळावर होती, घामाने चिकटलेली. निवड झाल्याचं लुणावतांनी सांगितलं तेव्हा तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग तिने वाकून शशिकलाबाईंना नमस्कार केला, आणि त्यांनी तिला पाठीवर हात ठेवून उठवलं.

आता नोकरी पक्की झाली होती. आता विचारायला हरकत नव्हती. मुलगी खरं बोलेल, लुणावतांसमोर बोलेल, आणि निदान एवढं तरी वाचलेलं असेल.

“कावेरी,” शशिकलाबाई म्हणाल्या, “आता सांग. त्या बाटलीबद्दल तुझं काय मत आहे?”

कावेरीने त्यांच्याकडे पाहिलं. मग लुणावतांकडे पाहिलं. पडद्यावर ठोका उंच उसळला आणि मागून आलेल्या लाटेने तो अलगद, कुठेही न अडखळता सपाट केला.

“बाटली ठीकच असेल, मॅडम,” ती म्हणाली. “सकाळी माझाच हात हलला असेल.”

लुणावत हसले. कावेरी उत्तराची वाट बघत शशिकलाबाईंकडे बघत होती, बरोबर बोलले ना, असं विचारल्यासारखी.

“हो,” शशिकलाबाई म्हणाल्या. “असेल.”